संध्याकाळचं काय

वच्छला सासूच्या पाठीवर पाणी ओतत होती, तेवढ्यात सासूच्या मनगटातला चांदीचा गोट मोरीत पडला. खण्णकन आवाज झाला आणि गोट गडगडत जाऊन घासायच्या दगडाशी आडवा झाला. क्षणभर दोघीही त्याच्याकडे बघत राहिल्या. लग्नात चढवलेला तो गोट भागिरथाबाईच्या हातातून कधी निघालाच नव्हता. एकदा विंचू चावून हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा सोनार बोलावून गोट कापावा असं सगळं इंझोरी गाव म्हणत होतं. म्हातारीनं सूज उतरेपर्यंत कोणाला हात लावू दिला नव्हता. आणि आज तिनं हात नुसता खाली सोडला, तर तो आपोआप गळून पडला. वच्छलेनं तो उचलला, धुतला, सासूच्या हातात घालायला गेली. गोट सरळ कोपरापर्यंत गेला आणि हात खाली होताच परत निसटला. "राहू दे," सासू म्हणाली, "ठेव कुठंतरी." त्या आवाजात दुःख नव्हतं, चीड नव्हती, काहीच नव्हतं. वच्छलेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पाणी निवत चाललं होतं. ही बाई आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हातचं पानात पडत असताना वाळून चालली आहे, हे तिला आज पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

सासरे देवमन दिवाळीच्या आगेमागे गेले. इंद्रभान वाशीमला कचेरीत कारकून. त्यानं चौदा दिवसांत शेत बटईनं दिलं, घराला कुलूप घातलं आणि आईला एसटीत बसवून दीड खोलीच्या बिऱ्हाडात आणलं. एकटी कशी राहील, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आल्या दिवसापासून म्हातारीचं एकच सुरू झालं: भूक नाई. अर्धी भाकर, मग चतकोर, मग दोन घास. इंद्रभान डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती पाहिली, जीभ पाहिली, लाल औषधाची बाटली दिली आणि म्हणाले, आजार काही नाही, खाऊ घाला. खाऊ घाला! जसं काही वच्छला दोन महिने दुसरं काही करत होती. तिनं तुरीच्या सोल्याची भाजी केली, कण्या घालून अंबाडी केली, वांगं भाजलं, रविवारी मटण केलं, गव्हाची खीर केली. प्रत्येक वेळी सासू पानाला नमस्कार करावा तसा हात लावी, दोन घास घेई, आणि ताट हळूच कुंदाकडे सरकवी. कुंदा बारा वर्षांची. ती आजीचं उरलेलं खाऊन गुबगुबीत झाली होती. आज सकाळीही इंद्रभान सायकल बाहेर काढता काढता म्हणाला होता, "माय म्हनीन ते कर आज." वच्छलेनं हो म्हटलं. पण माय काही म्हणेल तर ना. ती रोज विचारी, "आत्याबाई, संध्याकाळचं काय करू?" आणि सासू भिंतीकडे बघत म्हणे, "कर काईबी."

काईबी. या शब्दाची चव वच्छलेच्या जिभेला चांगली ओळखीची होती. इंझोरीच्या घरात अकरा वर्षं तो शब्द तिचा होता. तिथं दिवस कलला की भागिरथाबाई ओसरीवरून उठे, आतल्या काळोख्या खोलीत जाई, उतरंडीच्या कुठल्या मडक्यात हात घालायचा ते तिचं तिला ठाऊक. बाहेर येई ती सुपात दाणे घेऊनच. "आज तूर." झालं. त्यावर वर नाही की खाली नाही. सात माणसांच्या घरात रोज संध्याकाळी काय शिजणार हे त्या एका हाताच्या मुठीत असे, आणि वच्छलेचं काम निवडायचं, दळायचं, थापायचं. कधी कौतुकानं सासूनं विचारलंच की बरी झाली का भाजी, तर वच्छला म्हणे, मले काईबी चालते. पहिली दोन-तीन वर्षं हे तिनं भीतीनं म्हटलं, पुढे सवयीनं, आणि शेवटी तर तिला खरंच कळेनासं झालं की आपल्याला काही आवडतं की नाही. मग इंद्रभानची बदली वाशीमला झाली. बिऱ्हाडातल्या पहिल्या संध्याकाळी तो म्हणाला, कर काहीतरी, आणि फिरायला निघून गेला. नवा पितळी स्टोव्ह, चार डबे, कालवण शिजवायचा एक गंज, आणि समोर ती. तासभर ती तशीच उभी होती. डाळीच्या डब्याचं झाकण उघडून परत लावलं. तांदळाचं उघडलं, लावलं. छातीत धडधड होत होती, चोरी करायला आल्यासारखी. शेवटी तिनं खिचडी टाकली, साधी मुगाची, आणि ती रटरटायला लागली तेव्हा एकटीच हसली. त्या दिवसापासून रोज दुपारी चारच्या सुमाराला तिच्या मनात एक लहानसा सण असे. आज काय? मेथी की झुणका? पातोडीचा रस्सा की नुसतं वरण? इंद्रभानला पगार मिळे, कचेरीत खुर्ची होती. कुंदेला शाळा होती. तिला हे होतं.

म्हणून सासू आली तेव्हा वच्छलेच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता स्टोव्हपुढे कोण बसणार, हा होता. तिला त्याची लाज वाटली, पण विचार गेला नाही. पहिल्याच दिवशी तिनं सासूचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. आतल्या अर्ध्या खोलीत, डब्यांच्या फळीखाली, तिला पाऊल ठेवायची वेळच येऊ दिली नाही. "तुमी बसा, आत्याबाई. लय केलं तुमी." सगळ्यांना ती सेवा वाटली. शेजारच्या बेबीबाईनं तर चारचौघीत वाहवा केली. वच्छलेलाही तसंच वाटत आलं होतं. आज मोरीत गोट वाजेपर्यंत.

दुपारी धुणं वाळत घालून बेबीबाई येऊन बसली. ती नेहमीच यायची. तिचा नवरा धनजकडे मास्तर होता, शनिवारी घरी येई, आणि बाकी दिवस या बाईला बोलायला कोणी नसे. तिनं शाळेतल्या पोरींचं सांगितलं, नळाचं सांगितलं, आणि मग पदरानं तोंड पुसून सहज म्हणाली, "मंग काय आज संध्याकाळी, आजी? काय बेत हाये?" कोणीही कोणालाही विचारतं तसं. भागिरथाबाईचं तोंड उघडलं. ओठावर शब्द आलेला वच्छलेला दिसला. हनुवटी जराशी वर झाली, पूर्वी सुपातून दाणे आणताना व्हायची तशी. आणि मग म्हातारी थांबली. तिनं वच्छलेकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग ओठ मिटले. "घरच्या लक्ष्मीले इचारा," ती म्हणाली आणि हसली. बेबीबाईही हसली. वच्छला मात्र हसली नाही. तिला ती नजर माहीत होती. ती तिचीच होती. अकरा वर्षं कोणी पाहुणी बाई ओसरीवर येऊन असं विचारी तेव्हा तिनं सासूकडे अशीच नजर टाकली होती आणि असेच ओठ मिटले होते. आपली नजर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, तीही त्याच माणसाच्या, ती बघत होती. वाटलं, आपण सूड घेत होतो की काय? इतके दिवस, गोड बोलून, रोज दोन वेळा?

बेबीबाई गेल्यावर ती आत येऊन डब्यांपुढे बसली. सरळ उपाय समोर होता. उठावं, सासूला हाताला धरून आत आणावं, म्हणावं, घ्या तुमचं घर. कोणीही तेच केलं असतं. पण नुसत्या कल्पनेनं तिनं समोरच्या डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं. परत ते सूप, परत ती मूठ, परत आज तूर. नाही. हे तिनं देवापुढे नाही, कोणापुढे नाही, स्वतःशीच अगदी हळू म्हटलं: चूल मी देणार नाही. आणि मग तितक्याच हळू, तितक्याच हट्टानं दुसरं म्हटलं: म्हातारीला मरूही देणार नाही. दोन्ही गोष्टी एका दीड खोलीत कशा मावणार हे तिला कळत नव्हतं. पण त्यातली एकही सोडायची नाही एवढं ठरलं, आणि ठरल्याबरोबर तिला बरं वाटलं. आता प्रश्न राहिला रोजचाच. काय करायचं? दोन महिने ती विचारत होती, सासूला काय आवडेल? आज तिनं प्रश्न उलटा केला. मला काय खावंसं वाटतं? आणि उत्तर इतक्या पटकन आलं की ती दचकली. कढीगोळे. तेरा वर्षं ते कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. कुंदा पोटात होती, पाचवा महिना, आणि शेतातून येताना कोणाच्या तरी घरातून कढीची फोडणी आली. जिरं, लसूण, सुकी मिरची. त्या वासानं तिचे पाय जागीच थांबले होते. आंबट कढी आणि तिच्यात शिजलेले डाळीचे गोळे, फोडले की आतून वाफ येणारे. तिच्या मायनं केलेले. ती रात्रंदिवस त्यांचाच विचार करी. सासूनं त्या दिवसांत रोज बेसन केलं, म्हणजे पिठलं, ओळीनं अकरा दिवस. वच्छलेनं खाल्लं. सांगितलं मात्र नाही. आणि गंमत ही की स्वतःचा स्टोव्ह मिळाल्यावरही तीन वर्षांत तिनं कढीगोळे केले नव्हते. जणू जुन्या जखमेवरची खपली. हात लावायचा नाही. आता तिनं हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला, तीन मुठी डाळ, एक मूठ तुरीची, कोमट पाण्यात भिजत घातली, आणि गडवा घेऊन ताकाला गेली.

बाजार उतरत आला होता. पोपटाच्या शेंगांचे ढीग, वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. माघातलं ऊन तिरपं होऊन दुकानांच्या पाट्यांवर पडलं होतं, मालेगावकडून आलेली एसटी धुरळा उडवत गेली. दूधवालीनं ताक घातलं. वच्छलेनं बोट बुडवून चाखलं आणि आंबट मागून घेतलं. "एवढं आंबट कोनाले लागते, बाई?" दूधवालीनं विचारलं. "मले," वच्छला म्हणाली. हा शब्द इतका मोठ्यानं निघाला की शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

घरी येऊन तिनं पाटा नेहमीसारखा आत घेतला नाही. बाहेरच्या खोलीत, सासूच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर मांडला आणि डाळ वाटायला बसली. लसूण, हिरवी मिरची, जिरं. वरवंट्याचा आवाज सुरू झाला. सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोड्या वेळानं ती वळली.

"काय करून राह्यली?"

"कढीगोळे."

वरवंटा दोनदा फिरला.

"लय बारीक वाटून राह्यली. फुटतीन."

"फुटू द्या."

"असे कसे फुटू द्या? डाळ जाडी ठेवा लागते. अन् कढीले आधी उकळी येऊ द्या लागते, मंग एक गोळा टाकून पाहा लागते."

"मले माईत हाये, आत्याबाई."

"मंग अशी काहून वाटतं?" भागिरथाबाई कोपरावर उठली होती. "आन इकडे. मी दाखवतो."

वच्छलेनं वरवंटा सोडला नाही. तिचे हात मिरचीनं चुरचुरत होते आणि छातीत तीच जुनी धडधड होती. "नाई देत," ती म्हणाली. "आज मी माह्या हातानं करतो. मले खाचे हायेत. कुंदी पोटात होती तवापासून मले कढीगोळे खाचे हायेत. तुमी अकरा दिवस बेसन केलं. अकरा दिवस, आत्याबाई!"

म्हणून झालं. इतकी वर्षं न बोललेलं इतकं लहान निघालं, बेसनाएवढं. रस्त्यावर कोणाची तरी सायकल वाजत गेली. म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं काहून नाई?"

भागिरथाबाई उठून नीट बसली. तिला वेळ लागला; हाडं हाडांवर रचावीत तशी ती बसली. "इचारलं असतं," ती म्हणाली, "अन् तू म्हटलं असतं कढीगोळे, अन् घरात ताक नसतं तं? त्या साली म्हैस आटली होती. ताक कोठून आनलं असतं मी? नुसतं तोंड पाहात राह्यली असती तुहं. इचारलं का द्या लागते, वच्छला. देनं होत नसन तं इचारू नाई. म्या कोनालेच इचारलं नाई कधी. ना तुह्या सासऱ्याले, ना लेकराईले. मडक्यात पाहो, जे हाये ते काढो, अन् असं सांगो का जसं मले तेच कराचं होतं."

वच्छलेचा हात थांबला. उतरंडीच्या खोलीतला तो काळोख तिला आठवला, आणि पहिल्यांदाच ती मनानं सासूबरोबर त्या काळोखात गेली. आत किती वेळ लागायचा तिला! आपण बाहेर चुलीशी फुंकत बसायचो आणि वाटायचं, काय बाई हिचा तोरा. देवमन सांगायचे, छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् दारातच म्हटलं, आजपासून मेल्या ढोराचं या घरात शिजनार नाई. शिजणार नाही हे त्यांनी ठरवलं, ताठ मानेनं ठरवलं, आणि चांगलंच केलं. पण त्या संध्याकाळी मग काय शिजलं, हे त्यांच्या गोष्टीत कधी आलं नाही. ते या बाईनं आत जाऊन ठरवलं असणार. आणि दुष्काळाच्या दोन साली, रेशनच्या लाल मिलोची भाकर तव्यावर तुटायची तेव्हा, सगळ्यांना वाढून झाल्यावर ती रिकामी टोपली पालथी घालताना काय म्हणायची? वच्छलेला तो आवाज स्पष्ट ऐकू आला. भूक नाई. अगदी हाच आवाज. दुःख नाही, चीड नाही, काहीच नाही.

"आत्याबाई," तिनं विचारलं, "तुमाले खरंच भूक नसते का?"

म्हातारी पदराशी चाळा करत राहिली. "परक्याच्या घरात मानसानं काय मांगावं?"

"लेकाचं घर परकं?"

"लेकाचंच हाये. पन आत काय हाये, काय नाई, मले का माईत? तू मोठं मोठं करतं. मटन करतं, खीर करतं. मले धाक वाटते. वाटते, हे आज संपवून राह्यली, उद्या लेकराच्या पानात काय पडन."

वच्छला उठली. हात पदराला पुसले, सासूच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उभी केली. काय ते वजन! चिमणीचं. "चाला," ती म्हणाली. "कुठी?" "चाला म्हन्तो ना." उंबरा ओलांडून तिनं सासूला आतल्या अर्ध्या खोलीत आणलं, पाटावर बसवलं, आणि फळीवरचा पहिला डबा खाली घेऊन झाकण काढलं. तूर. दुसरा, हरभऱ्याची डाळ. तिसरा, मूग. तांदूळ. गूळ. फल्लीचे, भुईमुगाचे दाणे. तेलाची बरणी तिनं उजेडापुढे धरून हलवली. मिठाचं मडकं दाखवलं. मग कोपऱ्यातल्या पत्र्याच्या कोठीवरचं गोणपाट बाजूला केलं आणि म्हणाली, "घाला हात." भागिरथाबाईनं हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, तरी ज्वारी होतीच. म्हातारीनं हात आत तसाच ठेवला, डोळे मिटले. बोटं आत हलत होती, वरच्या दाण्यांवरून वच्छलेला ते कळत होतं.

"आपल्याच शेतातली," सासू म्हणाली.

"हो. तुमीच पाठवली होती."

"किडन. लिंबाचा पाला नाई टाकला."

"उद्या टाकू. पन सैपाक मी करीन, आत्याबाई. आधीच सांगून ठेवतो."

"कर ना बाई," म्हातारी फणकाऱ्यानं म्हणाली. "मले का हौस हाये? पन डाळ बारीकच हाये, हे मी म्हन्नारच."

"म्हना."

इंद्रभान सहा वाजता आला तेव्हा आईला स्टोव्हजवळ पाटावर बसलेली पाहून दारातच थबकला. वच्छलेनं त्याला नजरेनंच गप्प केलं. कढीला उकळी फुटली होती. पहिला गोळा तिनं सोडला. तो तळाला गेला, एक कड सुटून आली, पण बाकीचा धरून राहिला. "पाह्य," सासू म्हणाली. वच्छलेनं चिमूटभर बेसन मिसळलं, न बोलता, आणि बाकीचे सोडले. ते एकेक करून वर येऊ लागले. वरून लसणाची फोडणी पडली, चर्र झालं, आणि त्या वासानं वच्छलेच्या तोंडाला असं पाणी सुटलं की तिला एकदम कुंदेकडे बघून हसू आलं. कुंदेला काही कळलं नाही. भाकरी झाल्या. सगळे एकदमच जेवायला बसले, वच्छलासुद्धा; तिनं आज स्वतःचं पान आधी वाढून घेतलं होतं. पहिला गोळा फोडला, वाफ आली. आंबट, तिखट, गरम. तिच्या मायच्या हातासारखे नव्हते. ते तिच्याच हातासारखे होते, आणि तिला ते फार आवडले.

सासूकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही. नुसतं ऐकलं. भाकर मोडल्याचं, कढी ओरपल्याचं. बराच वेळ ते थांबलं नाही. मग भागिरथाबाईनं ताट पुढे सरकवलं. कुंदेकडे नाही, स्टोव्हच्या दिशेनं.

"अजून दोन वाढ."

इंद्रभानचा घास हातातच राहिला. वच्छलेनं गंजात पळी घातली. तळाला नुसती कढी होती. गोळे संपले होते. म्हातारीनं ते पाहिलं आणि तिचा हात लगेच मागे गेला. "राहू दे मंग," ती घाईनं म्हणाली, "झालं माह्यं."

"झालं नाई," वच्छला म्हणाली.

"माय, सकाळी करून देईन ना ती," इंद्रभान म्हणाला.

"सकाळी नाई." वच्छला ताटावरून उठली. नवऱ्याच्या डब्याला वडे तळावेत म्हणून वाटीभर डाळ तिनं झाकून ठेवली होती, ती ओढली. स्टोव्हमध्ये काकडा पेटवला, पंप मारायला सुरुवात केली; एक, दोन, पाच, दहा. निळी ज्योत भर्रकन उठली. तिनं कढी परत वर चढवली, त्यात गडव्यातलं उरलेलं ताक घातलं आणि उकळीची वाट बघत ओल्या हातानं गोळे वळू लागली. मोठे, मागच्यापेक्षा मोठे. पाटावर भागिरथाबाई बसून होती, ताट मांडीशी घेऊन, उष्टा हात न धुता.